तिसरी पिन

माझ्या पॉलिशरच्या प्लगची तिसरी पिन कुणीतरी कापली आहे. मशीन दोन दिवसांसाठी पुतण्या घेऊन गेला होता, मित्राच्या मोटारसायकलचा सायलेन्सर चमकवायला. परत आणलं तेव्हा अंगावरची धूळ पुसलेली होती, वायर नीट गुंडाळून तिला रबरबँड लावलेलं होतं, आणि प्लगची वरची जाड पिन हॅक्सॉने मुळापासून उडवलेली होती. विचारलं तर म्हणाला, "काकू, त्याच्याकडच्या बोर्डाला दोनच भोकं होती. आणि ती पिन नसली तरी मशीन चालतंच की."

चालतं हे खरं आहे, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. ती पिन नसल्याने मशीन अडत नाही, कुरकुरत नाही, त्याचा आवाजही बदलत नाही. मोटारीच्या आतल्या तारेवरचा लेप जळून ती तार बाहेरच्या लोखंडी अंगाला टेकली, की त्या दिवशी तिची उणीव कळते, आणि ती मशीनला हात लावलेल्या माणसाला कळते. बाकीच्या दोन पिनांपेक्षा ती लांब ठेवलेली असते, कारण प्लग खुपसताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं आणि उपटताना सर्वांत शेवटी सुटावं. कुणीतरी बसून एवढा विचार केला होता. तो हॅक्सॉच्या दहा फटक्यांत गेला. मी नवा प्लग आणून बसवला. सात वर्षांत बसवलेला हा तिसरा प्लग. तिन्ही वेळा कापणारा माणूस वेगळा होता आणि कारण हेच होतं.

मी साताऱ्यात राहते. घरामागच्या पडवीत जुन्या पितळी वस्तूंना पॉलिश करून देते. समया, निरांजनं, लामणदिवे, पानाचे डबे, घंगाळं, लग्नात रुखवतात आलेली आणि मग माळ्यावर गेलेली तपेली. रोजच्या वापरातलं पितळ चिंचेने किंवा लिंबाने छान निघतं, त्याला मशीनची गरज नाही. पण तीस वर्षं पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या समईवर काळा थर बसलेला असतो, मध्येच हिरवे डाग आलेले असतात, आणि ती घासताना माझ्या मनगटांनी हात टेकले. म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरचं, दोन टोकांचं, टेबलावर बसवायचं बफिंगचं मशीन घेतलं.

हे मशीन दिसायला गरीब आहे, हाच त्याचा सर्वांत मोठा दोष. करवतीचे दात दिसतात. ग्राइंडरच्या ठिणग्या दिसतात, लहान मूलही त्यापासून लांब उभं राहतं. पॉलिशरला काय असतं? कापडाचं चाक. सुती कापडाच्या चकत्या एकावर एक ठेवून शिवलेल्या. हातात घेतलं तर जुन्या गोधडीच्या तुकड्यासारखं मऊ लागतं. कापडाला कोण भिणार?

म्हणून मी हिशेब करून पडवीच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे. माझा बफ सहा इंची, म्हणजे सुमारे १५० मिलिमीटर. त्याचा घेर ४७ सेंटिमीटर. मोटार मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते. म्हणजे कापडाची कड मिनिटाला तेराशे मीटर पळते, तासाला जवळजवळ ८० किलोमीटर. साताऱ्याशेजारून जाणाऱ्या महामार्गावर भरधाव गाड्या याच वेगाने जातात. आठ इंची बफ लावला तर हाच आकडा १०५ होतो. त्या गाडीच्या टपाला कुणी हात लावायला जाणार नाही. पण या कापडाला बोट लावून "थांबलं का बघू" म्हणणारे माझ्या पडवीत दर महिन्याला येतात.

आणि एक शेजारी आहेत, त्यांच्याकडे चार इंची हँड ग्राइंडर आहे. त्याचं संरक्षक कव्हर काढून त्यांनी त्याला माझ्यासारखाच सहा इंची बफ लावला, कारण कव्हर असताना तो बसत नव्हता. कव्हरमुळे चाक बसत नाही, याचा अर्थ ते चाक त्या यंत्राचं नाही, इतकंच ते कव्हर सांगत होतं. असे ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फिरतात. हिशेब करून दाखवला, तो तासाला तीनशे किलोमीटरच्या वर गेला. त्या वेगाला कापडाची शिवण टिकेल असं शिवणाऱ्यानेही कधी म्हटलेलं नाही. बफच्या पाकिटावर कमाल वेग छापलेला असता तर वाद दोन मिनिटांत मिटला असता. मी आजवर आणलेल्या एकाही बफच्या पाकिटावर तो नव्हता. व्यास असतो, किंमत असते, एका पाकिटावर गणपती होता.

मशीन घेतलं त्या दिवसाबद्दलही मला बोलायचं आहे. दुकानदाराने खोका उघडून दाखवला. मोटार, दोन निमुळते दांडे, दीड हात वायर. मी विचारलं, चाकामागचं कव्हर कुठे आहे? म्हणाला, बफिंगला कव्हर लागत नाही. टेबलावर पक्कं करायचे बोल्ट? ते कुठेही मिळतील. मोटार कोणत्या दिशेने फिरते याचा बाण? त्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्ही साहेबांना घेऊन या, मी त्यांना समजावतो." साहेब म्हणजे माझे यजमान, त्यांना बल्ब बदलायचा असला तरी ते मला हाक मारतात. मी त्या दुकानदाराला तीन प्रश्न विचारले होते आणि तिन्ही बरोबर होते. त्याच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं, म्हणून त्याने प्रश्न विचारणारं माणूस बदलायला सांगितलं. याचा राग मला अजून आहे.

खोक्यातलं माहितीपत्रक इंग्रजीत होतं, अक्षरं मोहरीएवढी. साताऱ्यात विकलं जाणारं, बहुधा मराठी हातांनी वापरलं जाणारं यंत्र. त्याच्यासोबत अर्धं पान मराठीत देता येत नाही? औषधी तेलाच्या बाटलीवर देतात.

त्या बाणाचं सांगते, कारण ती गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते.

दोन टोकांच्या पॉलिशरवर बफ नटाने आवळलेला नसतो. दांडा निमुळता असतो, त्याला आटे पाडलेले असतात, आणि बफ त्यावर नुसता फिरवून चढवतात. काम करताना वस्तू चाकाला अडवते, चाक दांड्यापेक्षा किंचित मागे राहू पाहतं, आणि त्या ओढीनेच ते आट्यांवर आणखी घट्ट बसतं. हे साधावं म्हणून उजव्या दांड्याला सुलटे आटे असतात आणि डाव्या दांड्याला उलटे. ज्याने हे शोधलं त्याला मी मनापासून नमस्कार करते. पण हे सगळं मोटार ठरलेल्या दिशेने फिरली तरच. चाकाचा माथा काम करणाऱ्याच्या अंगाकडे येऊन समोरून खाली गेला पाहिजे. मोटार उलटी फिरली तर हीच रचना उलटते आणि चाक दांड्यावरून आपोआप सुटत जातं.

घरगुती विजेवरची मोटार उलटी कशी फिरेल? प्लग उलटासुलटा केल्याने ती फिरत नाही. ती फिरते वाइंडिंग करून आणल्यावर. अशा मोटारीत चालू होण्यापुरती वेगळी गुंडाळी असते. तिची दोन टोकं जोडताना अदलाबदल झाली, की मोटार तितक्याच जोमाने दुसरीकडे फिरते. तिसऱ्या वर्षी माझी मोटार जळली. वाइंडिंगवाल्याने दोन दिवसांत भरून दिली, आवाज सुरेख, ताप नाही. मी घरी आणली, डाव्या बाजूला बफ चढवला, बटण दाबलं. पहिल्या क्षणी बफ फिरला आणि दुसऱ्या क्षणी दांड्यावर नव्हता. खाली फरशीवर पडून तो भिंतीवर आदळला, उसळला, आणि रॉकेलचा डबा आडवा करून गेला. मी बाजूला उभी होते, कारण नवा किंवा काढून बसवलेला बफ पहिला मिनिटभर बाजूला उभं राहून फिरवायचा, हे मी एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिकले होते. समोर उभी असते आणि हातात समई असती, तर आज हे कशा हाताने लिहिलं असतं ते सांगता येत नाही.

वाइंडिंगवाल्याला मी दोष देत नाही, निदान सगळा देत नाही. त्याने मला विचारलं होतं, "कुठल्या बाजूने फिरते?" मी म्हटलं, मशीनवर बाण असेल बघा. बाण नव्हता. रंगाचा एक बाण, तोही कारखान्यात मोटार पहिल्यांदा तपासताना मारायचा. त्याला लागून लागून किती वेळ लागतो? आता मी दोन्ही बाजूंना लाल ऑइलपेंटने बाण काढले आहेत आणि डाव्या दांड्याशेजारी 'उलटे आटे' असं लिहिलं आहे. तरीही पुतण्याने तिथला बफ काढताना सवयीने सुलट दिशेला जोर लावला आणि तो इतका आवळला की दोन पान्यांनी सुटला.

याच्याच जोडीची आणखी एक सवय आहे, तिच्यावर माझा विशेष राग आहे. मोटार जुनी झाली, कपॅसिटर कमजोर झाला, की बटण दाबल्यावर ती नुसती गुणगुणते, फिरत नाही. मग हुशार माणूस काय करतो? चाकाला हाताने एक झटका देतो. मोटार सुरू होते, हुशार माणूस खूश होतो. अशा अवस्थेतली मोटार तुम्ही ढकलाल त्या दिशेने पळते, कारण दिशा ठरवणारी तिची गुंडाळीच त्या वेळी कामात नसते. म्हणजे तुमचा हात चाकावर, वीज चालू, आणि ते चाक घट्ट होईल की सुटेल हे तुमच्या झटक्यावर. कपॅसिटर बदलायला एक माणूस आणि पंधरा मिनिटं लागतात. पंखा असाच काडीने ढकलून चालू करणारी घरं मी पाहिली आहेत. पंख्याचं ठीक आहे, तो छताला आहे.

आता विजेचं. आमच्याकडे लाईट जाते. ती जाण्याबद्दल मी इथे काही म्हणत नाही, माझं म्हणणं ती येण्याबद्दल आहे. या मशीनचं बटण साधं, घरातल्या दिव्यासारखं. लाईट गेली की चाक हळूहळू थांबतं, माणूस घाम पुसतो, चहाला जातो, आणि बटण तसंच चालूवर राहतं. एकदा मी अशीच ओट्याशी उभी होते. मागून आवाज आला. पडवीत कुणी नसताना मशीन पूर्ण वेगाने चालू झालं होतं, आणि शेजारच्या ताईंचा चार वर्षांचा मुलगा दारात उभा राहून त्याच्याकडे बघत होता. तो आत गेला नव्हता. इतकंच घडलं. पण त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

यावर उपाय जुना आहे. मोटारीला नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावला, की वीज गेल्यावर तो आपोआप बंद पडतो आणि वीज आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. शेतातल्या पंपाला स्टार्टर असतो, पिठाच्या गिरणीला असतो. वायरमनला बोलावलं तर म्हणाला, "घरातल्या मशीनला कशाला स्टार्टर?" मी त्याला मुलाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग दाराला कडी लावत जा." शेवटी मी कऱ्हाडहून स्टार्टर आणला आणि दुसऱ्या वायरमनकडून बसवला. त्याच वेळी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घेतला. अंगातून वीज जाऊ लागली तर हा क्षणात प्रवाह तोडतो. सहा महिन्यांनी तो वारंवार पडू लागला. घरच्यांनी तक्रार केली, फ्रिज बंद पडतोय, आणि पहिला वायरमन येऊन त्याच्या दोन टोकांना तार जोडून गेला, म्हणजे तो भिंतीवर दिसतो पण काही करत नाही. तो का पडत होता हे कुणी विचारलं नाही. मी शोधलं. पडवीतल्या एक्स्टेन्शन बोर्डात पावसाचं पाणी उतरत होतं. आरसीसीबी बोलत होता आणि आम्ही त्याचं तोंड बांधलं. पाणी बंद केलं, तार काढली. आता तो पडत नाही.

कपड्यांबद्दल लिहायला मला थोडा संकोच होतो, पण लिहिलंच पाहिजे, कारण याबाबत बायकांशी कुणी बोलत नाही. पॉलिशर कापडाचा असला तरी कापड खातो. ओढणी, पदर, सैल बाही, ॲप्रनची पुढे बांधलेली नाडी, मुलांच्या मनगटातला लाल दोरा, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी. चाकाने टोक पकडलं की हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही, सेकंदाला चाळीसहून जास्त फेरे होतात. मी काम करताना आखूड बाहीचा कुडता घालते, ॲप्रन मागे बांधते, वेणीचा अंबाडा करून वर रुमाल बांधते. बांगड्या काढते. आणि मंगळसूत्र काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवते.

यावरून घरात जे झालं ते मी विसरणार नाही. सासूबाई आठवडाभर माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत. नणंद म्हणाली, वहिनी, आत घालून ठेवा, काढता कशाला? आत घातलेलं, वाकलं की बाहेर येतं. दोन पदरी साखळी, खाली वाट्या, आणि समोर ते चाक. मी सासूबाईंना पडवीत नेलं, चाक फिरवलं, आणि लांब काठीच्या टोकाला सुतळीचा तुकडा बांधून तो चाकाला लावला. सुतळी गेली, आणि काठीही हातातून गेली. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मंगळसूत्र खिळ्यावर दिसलं की त्या ते उचलून देव्हाऱ्यात ठेवतात आणि काम संपलं की स्वतः आणून देतात. मला वाटतं, आमच्या दोघींत इतकं चांगलं दुसरं काही घडलेलं नाही.

हातमोज्यांचंही असंच उलटं आहे. येणारा प्रत्येक माणूस सांगतो, मोजे घालत जा. कापडी किंवा विणलेले मोजे या कामात घालायचेच नसतात. त्यांचा धागा चाकात अडकला की बोट मोज्यासकट जातं. वस्तू तापते म्हणून लोक ती फडक्यात धरतात, तेही तसंच. वस्तू तापली तर पाण्यात बुडवावी, शेजारी बादली ठेवावी. फार तर बोटांच्या टोकांना चामड्याच्या टोप्या घालाव्यात, त्या निसटून जातात आणि बोट राहतं. दुकानात मागितल्या तर मिळत नाहीत. मी चांभारदादांकडून शिवून घेतल्या. त्यांनी एकदा ऐकलं आणि बरोबर केल्या. या सगळ्या प्रकरणात मी एकदाच सांगून ज्याला कळलं असा माणूस तोच.

हे सगळं कायद्याला नवं नव्हतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात फिरत्या यंत्राला आडोसा हवा हे २१ व्या कलमात होतं, चालत्या यंत्राजवळ घट्ट बसणारे कपडे हवेत हे २२ व्या कलमात, आणि डोळ्यांच्या संरक्षणासाठी ३५ वं कलम होतं. स्वातंत्र्यानंतर साधारण वर्षभरातच हे लिहून झालं होतं. पण वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला दहा कामगार लागायचे. पडवीत मी एकटी. आमच्या भागात मागच्या खोलीत एकटी-दुकटी माणसं घेऊन चालणारी अशी मशीन किती असतील, भांड्यांवाल्यांकडे, सोनारांकडे, हुपरीसारख्या चांदीच्या गावात घराघरांत. एकट्या माणसाची बोटं दहाच असतात, आणि कायद्याला माणसं दहा हवी होती.

वस्तू चाकाला धरायची कशी, हे मी येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलीला पहिल्या दिवशी दाखवते. चाकाच्या मध्यरेषेच्या खाली, आपल्या बाजूच्या खालच्या पावभागात काम करायचं. वस्तूची वरची कड चाकाला कधी दाखवायची नाही, चाक खाली येत असतं, ते ती कड पकडून वस्तू पायावर फेकतं. चाक नेहमी कडेवरून खाली उतरून गेलं पाहिजे. साखळी बोटाला गुंडाळायची नाही, लाकडी फळीवर अंथरून फळीसकट धरायची. अंगठीत बोट घालून अंगठी धरायची नाही. आणि वस्तू हातातून सुटली तर सोडून द्यायची. हे शेवटचं सर्वांत अवघड जातं. आजीची वाटी असते, लोक ती पकडायला हात पुढे करतात. वाटीचा पोचा काढता येतो.

मशीन टेबलाला चार बोल्टांनी पक्कं हवं, दांडा साधारण कोपराच्या उंचीवर. खाली ठेवून, पाटावर ठेवून, गुडघ्यात धरून पॉलिश करणारे पाहिले आहेत. त्यांच्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

धुळीबद्दल मात्र लिहायचं आहे, कारण ती रोजची आहे आणि हळू मारते. बफमधून सुटलेले धागे, पॉलिशच्या वडीतलं मेण, आणि पितळेची भुकटी. तपकिरी वडीत, तिला ट्रिपोली म्हणतात, सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून ती थांबत नाही, बारीक कण गाळणारा नीट बसणारा मुखवटा हवा. चष्मा आहे म्हणजे डोळे झाकले, असंही नाही, कण बाजूने येतात. आणि विकणारे काय करतात? एकाच मोटारीच्या एका टोकाला दगडी चाक आणि दुसऱ्या टोकाला बफ असं 'टू-इन-वन' मशीन विकतात. एका बाजूला विळा घासला की ठिणग्या उडतात, दुसऱ्या बाजूला मेणात भिजलेल्या कापसाचा ढीग साचलेला असतो. तो धुमसत राहतो आणि रात्री पेट घेतो. त्यात कुणी ॲल्युमिनियमची कढई पॉलिश केली असेल तर तिची भुकटी साध्या कचऱ्यासारखी राहत नाही, ती स्फोटक असते. मी दगड ठेवलाच नाही, दोन्ही बाजूंना बफच ठेवले, एक तपकिरी वडीसाठी, एक लाल वडीसाठी, कारण एकाच बफवर दोन वड्या लावल्या की जाड कण बारीक कामावर ओरखडे काढतात. तरी विळे येतात. "दोन मिनिटांचं काम आहे, ताई." दोन मिनिटांच्या कामासाठी मी दगड बसवणार नाही.

आणि जुनी ट्यूब. चोक असलेली ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, ते डोळ्याला कळत नाही, पण त्या प्रकाशात फिरतं चाक कधी सावकाश फिरल्यासारखं, कधी थांबल्यासारखं दिसतं. मी तिच्याऐवजी टेबलावर जुना पिवळा बल्ब लावला. यजमान म्हणतात, वीज जास्त जाते. जाऊ दे.

एक तक्रार गिऱ्हाइकांबद्दलही आहे, ती सुरक्षिततेची नाही, पण लिहून टाकते. पुण्याच्या कसब्यात तांबट आळी आहे, तिथल्या तांबटांचं मठारकाम प्रसिद्ध आहे. हातोडीने एकेक ठोका देत भांड्यावर असंख्य छोटे पैलू पाडतात. त्या ठोक्यांनी तांबं घट्ट होतं आणि त्या पैलूंवर उजेड तुटतो, तीच त्या भांड्याची चमक. असं घंगाळं लोक माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, आरशासारखं करून द्या. ताशी ऐंशी किलोमीटरने पळणारं कापड त्या पैलूंच्या कडा खातं. दोन-तीनदा पॉलिश केलं की भांडं गुळगुळीत होतं आणि ठोके पुसट होतात. समईच्या मोराचे डोळे असेच जातात. मी अशा वस्तू मशीनवर घेत नाही, हाताने करून देते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, मशीन आहे ना तुमच्याकडे, मग हाताचे पैसे जास्त का?

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्याकडे साठ-सत्तर वस्तू येतात. त्या दिवसांत मला सर्वांत जास्त त्रास शेवटच्या मिनिटाचा होतो. बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत नाही. बफ जड असतो, बेअरिंग चांगलं असतं, ते मिनिटभर फिरत राहतं. आवाज बंद होतो, म्हणून लोकांना वाटतं मशीन बंद झालं. याच मिनिटात पुतण्या लाकडाचा तुकडा लावून ते थांबवायला बघतो, याच मिनिटात गिऱ्हाईक समई उचलायला चाकावरून हात नेतं, आणि याच मिनिटात दारावरची बेल वाजते.

मी स्टूल ओढून मशीनसमोर बसते. मुखवटा काढते, हात मांडीवर ठेवते. बाहेरून कुणीतरी विचारतं, "काकू, झालं का?" मी म्हणते, "नाही." मी चाकावर खुणेसाठी शाईने मारलेला ठिपका बघत असते. आधी तो दिसत नाही, मग त्याचं एक निळसर कडं दिसतं, मग कडं तुटतं, मग ठिपका एकेक फेरा मोजता येईल इतका सावकाश येतो. शेवटी तो खाली येऊन किंचित मागे सरतो आणि थांबतो. मग मी प्लग उपटते, तिन्ही पिना आहेत ना ते बघते, आणि सासूबाईंना हाक मारते.